लॉडरला एकच दिवस मिळणार असेल तर: थर्लस्टेनचा वाडा की गावातलं चर्च?

उन्हाळ्यात आई-बाबा किंवा सासू-सासरे एडिंबराला आले की शनिवारी त्यांना न्यायचं कुठे, हा प्रश्न घरोघरी पडतो. शहरातला किल्ला एव्हाना पाहून झालेला असतो आणि हायलँडची दगदग त्यांच्या गुडघ्यांना झेपत नाही. मी सगळ्यांना लॉडर सुचवते. ए-६८ रस्त्याने दक्षिणेला साधारण ४३ किलोमीटर जायचं. सूट्राचा उघडाबोडका माथा ओलांडला की रस्ता लीडर नदीच्या खोऱ्यात उतरतो. मग शेतं, मेंढ्या आणि एका लांब रस्त्याच्या दोन्ही अंगांना वसलेलं छोटंसं गाव.

या गावात पाहण्यासारख्या दोन मोठ्या जागा आहेत: थर्लस्टेन कासल आणि जुनं चर्च. दोन्ही नीट पाहायची तर दिवस अपुरा पडतो, ज्येष्ठ मंडळी बरोबर असली तर नक्कीच. म्हणून आधी काय, आणि एकच असेल तर कुठलं, हे घरून निघतानाच ठरवलेलं बरं.

संरक्षित वास्तूंच्या सरकारी यादीचा इथे उपयोग नाही. हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट स्कॉटलंड या संस्थेकडे सुमारे ४७,००० संरक्षित इमारतींची नोंद आहे. त्यांचे ए, बी, सी असे तीन वर्ग. ए म्हणजे सगळ्यात महत्त्वाचा, त्यात दहावा हिस्सासुद्धा नाही. लॉडरच्या या दोन्ही वास्तू ए मध्येच आहेत. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. यादीत नाव आलं की इमारत आतून-बाहेरून जपावी लागते, तिचं स्वरूप बदलेल असं काही करायचं तर कौन्सिलची परवानगी लागते आणि विनापरवाना काम केलं तर तो गुन्हा ठरतो. पण म्हणून ती सगळ्यांना उघडी असते असं नाही. दार उघडायचं की नाही, हे मालकाच्या हातात.

आता थर्लस्टेन. कासल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तटबुरूज येतात, पण ही वास्तू आपल्याकडच्या सरदारी वाड्याच्या जास्त जवळची आहे. मूळ बांधकाम १५९० च्या सुमाराचं, स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स याचा चान्सलर, म्हणजे प्रमुख मंत्री, जॉन मेटलंड याचं. त्याच्याच नावाचा नातू लॉडरडेलचा ड्यूक झाला, राजाच्या वतीने जवळजवळ वीस वर्षं स्कॉटलंडचा कारभार त्याच्या हातात होता. त्या दिमाखाला साजेसं घर हवं म्हणून १६७० च्या दशकात त्याने सर विल्यम ब्रूस या वास्तुकाराकडून ते नव्याने घडवून घेतलं. पुढे १८४० च्या दशकात त्याला बाजूंनी आणखी इमारती जोडल्या गेल्या.

आत गेलात की मान वर करा. जॉर्ज डन्स्टरफील्ड या कारागिराने केलेली गिलाव्याची छतं ही इथली खरी दौलत. फुलापानांच्या माळा इतक्या उठावाच्या आहेत की हात लांबवला तर एखादं पान तुटून हातात येईल असं वाटतं. माझी सासू छताकडे बघत बराच वेळ उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "हे झाडून कसं काढत असतील गं?" छतं पाहून झाली की जुन्या खेळण्यांच्या खोल्या आणि स्वयंपाकघरं आहेत, लहान मुलं तिथे रमतात. १९७० च्या दशकात बुरशीने आतलं लाकूड पोखरून वाड्याची अवस्था वाईट झाली होती. मोठ्या दुरुस्तीनंतर तो उभा राहिला आणि १९८४ पासून विश्वस्त संस्था त्याची देखभाल करते. जिने बरेच आहेत, तिकीट आहे, आणि वाडा उन्हाळ्यातल्या ठरावीक दिवशीच उघडतो. दिवस पाहिल्याशिवाय निघू नका.

चर्चचं सगळं उलट. ते १६७३ चं. त्याच ड्यूकने, त्याच ब्रूसकडून, त्याच दशकात बांधून घेतलेलं. गावाचं आधीचं चर्च वाड्याच्या अगदी जवळ होतं. वाडा वाढवायचा तर ते आड येत होतं, म्हणून पाडून गावात हलवलं. नवी जागा ठरवायला वाड्यावरून बाण सोडला आणि तो पडला तिथे पाया खणला, अशी आख्यायिका सांगतात. पाडलेल्या त्या चर्चलाही एक कथा चिकटलेली आहे. १४८२ मध्ये तिसऱ्या जेम्सवर चिडलेले सरदार तिथे जमले, राजाच्या मर्जीतल्या मंडळींचा बंदोबस्त कसा करायचा हे ठरेना. तेव्हा एकाने उंदरांच्या सभेची गोष्ट सांगितली आणि विचारलं, मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार? अँगसचा अर्ल म्हणाला, मी बांधतो. मर्जीतल्या त्या लोकांना लॉडरच्या पुलावर फाशी दिलं गेलं आणि अर्लला घंटा बांधणारा हे नाव कायमचं पडलं. आपण लहानपणी ऐकलेली गोष्ट इथे राजकारणात भेटते.

नव्या चर्चचा आकार म्हणजे गणितातलं अधिकचं चिन्ह. चारही भुजा सारख्या, मधोमध अष्टकोनी मनोरा. आपल्या देवळात सभामंडप पुढे आणि गाभारा आत. इथे गाभारा नाहीच, चारही बाजूंना सभामंडप. मधल्या कमानींखाली उभं राहिलं की चारी दिशांना बाकांच्या रांगा दिसतात आणि कळतं की या माणसांना देव पाहायचा नव्हता, प्रवचन ऐकायचं होतं. भिंती उघड्या, छत साधं. ज्या ब्रूसने वाड्यात फुलांच्या माळा चढवून घेतल्या, त्यानेच इथे फक्त आकारावर काम भागवलं. मला हे जास्त अवघड वाटतं. चर्च आतून पाहायला मिळेलच असं नाही, पण आकार बाहेरून एक फेरी मारूनही समजतो, आणि ती फेरी सपाटीवरची आहे.

मराठी माणसासाठी मात्र पारडं आणखी एका कारणाने झुकतं. मुंबईच्या विल्सन कॉलेजचे संस्थापक डॉ. जॉन विल्सन याच लॉडरचे. जन्म १८०४ चा. १८२९ मध्ये मुंबईत उतरले आणि हर्णै-बाणकोटच्या किनाऱ्यावर राहून मराठी शिकले. ते मिशनरी होते. धर्मांतराच्या त्यांच्या कामाबद्दल तेव्हाही वाद झाले आणि आजही कुणाला ते पटणार नाही, ते समजण्यासारखं आहे. पण १८४८ मध्ये पश्चिम भारतातल्या लेण्यांची नोंद करायला मुंबईत जो आयोग नेमला गेला, त्याचे अध्यक्ष तेच होते. लेणी मोजावीत, चितारावीत, जपावीत हा विचार सरकारदरबारी मांडणाऱ्यांत लॉडरचा हा मुलगा पुढे होता. त्याची पहिली ओळख झाली ती या साध्या, कोऱ्या चर्चशी.

म्हणून माझं मत असं. बरोबर लहान मुलं असतील किंवा पाऊस लागला असेल आणि वाडा उघडा असेल, तर वाडा. त्यात पस्तावणार नाही. गुडघे दुखत असतील, वाडा बंद असेल, खिसा सांभाळायचा असेल, किंवा वास्तूकडे बघत शांत बसायला आवडत असेल, तर चर्च. आणि मला कुणी एकच निवडायला लावलं तर मी चर्चच निवडेन. झुंबरं आणि नक्षीदार छतं युरोपात ठिकठिकाणी मिळतील. सतराव्या शतकातलं असं अधिकच्या चिन्हाचं चर्च स्कॉटलंडमध्येसुद्धा दुर्मिळ आहे.

दोन्ही करायचं असेल तर आधी वाडा, मग चर्च. उलट केलंत तर माळांच्या झगमगाटापुढे चर्चचा साधेपणा मनातून पुसला जातो. दोन्हींमध्ये चालत दहा-पंधरा मिनिटांचं अंतर आहे. वाटेत रस्त्याच्या मधोमध जुनं टाउन हॉल लागतं, बाहेरून दगडी पायऱ्या असलेलं. खाली तुरुंग होता, वर गावची सभा भरायची. विल्सन यांचे वडील चाळीसहून जास्त वर्षं त्या सभेचे सदस्य होते. आई-बाबांना तिथे जरा टेकू द्या आणि डबा उघडा.