मुक्तांगणात भरती की घरी राहून मीटिंग?

परळच्या एका वहिनींनी परवा विचारलं, "भावजी, ह्यांची दारू सोडवायला ह्यांना पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पाठवू, की घरीच ठेवून केईएम हॉस्पिटलची ओपीडी आणि एएच्या मीटिंगा?" एए म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट. मी भरतीही झालोय आणि मीटिंगाही करतोय, म्हणून सांगतो.

आधी शरीर. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की काही तासांतच हात थरथरतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भ्रम होऊन जिवावर बेतू शकतं. माझ्या हातातला कप बशीवर वाजत होता आणि बायको रात्रभर उशाशी बसून होती. हे घरच्यांचं काम नव्हे, डॉक्टरांचंच.

पैसा म्हणाल, तर भरतीला फी आणि लांबलचक रजा. एएला फी नाही, नोकरीही चालू राहते.

पण घरी राहिलं की संध्याकाळी स्टेशनबाहेर तोच बार, तेच मित्र. भरतीत ते तुटतं. मात्र परतायचं त्याच गल्लीत. पहिल्या भरतीनंतर मी आठव्या दिवशी घसरलो. दुसऱ्या खेपेला घरी बॅग टाकली आणि थेट मीटिंगला गेलो.

थरथर, आधी आलेली फिट, घरात मारहाण किंवा फसलेले प्रयत्न असतील, तर भरतीच, आणि नंतर मीटिंगा. सकाळी प्यावी लागत नसेल, घरचं कुणी सोबत असेल, तर ओपीडी आणि रोज मीटिंग. आणि वहिनी, दारू सोडवायची गोळी जेवणात लपवून कधीच देऊ नका. वर दारू पोटात गेली तर जीव धोक्यात येतो.