पंप उठला, विहिरीला वास राहिला: उकरायचं, उपसायचं की हवा सोडायची?

रस्ता रुंद झाला, पेट्रोल पंप उठला, जागा मालकाकडे परत आली आणि शेजारच्या विहिरीचं पाणी मात्र वास मारायला लागलं. निपाणीपासून बेळगाव-खानापूरपर्यंत ज्याच्यावर ही पाळी येते, तो आधी विचारतो, "स्वस्तात कशानं होईल?" मी उलट विचारतो: पायाखाली काय आहे, काळी माती की जांभा?

त्याआधी एक काडी घ्या आणि विहिरीतला तवंग ढवळून बघा. पापुद्र्यासारखे तुकडे पडून ते सुटेच राहिले, तर ते लोहजिवाणूंचं काम. फाटून परत जुळला, तर तेल. तवंग नाही म्हणून पाणी चांगलं, असंही नाही. पेट्रोलमधलं बेंझीन पाण्यात विरघळतं आणि दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची त्याची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे, तेव्हा प्रयोगशाळेला पर्याय नाही. ब्लीचिंग पावडर जंतूंसाठी असते, आणि आपल्याकडे विहिरीत टाकायचं ते लाल औषध, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, बेंझीनला जवळपास शिवतही नाही.

उकरणं हा मी पर्याय धरतच नाही, ती पहिली पायरी. टाक्या, पाइप आणि भिजलेली माती जागेवरच ठेवून पाणी साफ करणं म्हणजे चूल पेटती ठेवून भांडं गार करणं. काम एप्रिल-मेमध्ये घ्या. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, ते पाण्याच्या पातळीवर तरंगतं आणि पावसाळ्यात वर, उन्हाळ्यात खाली जाताना मधल्या सगळ्या मातीला माखून ठेवतं. पाणी खोल गेलेलं असताना ती माती हाती लागते. रिकाम्या टाकीत तेल नसलं तरी वाफ असते, आणि ती भडकते. गॅस कटर घेतलेल्या भंगारवाल्याला तिकडे फिरकू देऊ नका. टाकी वाफमुक्त करून काढणाऱ्यांचंच ते काम. माती बांधावर टाकायची नाही, अधिकृत धोकादायक कचरा केंद्रातच जायला हवी. खर्चाचा मोठा वाटा या वाहतुकीत जातो.

आता खरी निवड.

उपसून गाळणं: बोअरमधून पाणी ओढायचं आणि नारळाच्या करवंटीच्या कोळशातून सोडायचं. गुण एकच, पण मोठा: प्रदूषित पाणी पहिल्या दिवसापासून आपल्याकडे ओढलं जातं, शेजाऱ्याच्या विहिरीकडे सरकणं थांबतं. खोड अशी की मातीला आणि खडकाच्या भेगांना चिकटलेलं तेल हळूहळू सुटतं. मोटर बंद केली की काही महिन्यांत आकडे परत चढतात. वर्षानुवर्षांचं वीजबिल आणि कोळसा बदलणं धरूनच हिशेब मांडा.

हवा सोडणं: पाण्याखाली बोअरमधून हवा, वरच्या मातीतून व्हॅक्यूमनं वाफ ओढून घेणं. पेट्रोल लवकर उडतं, म्हणून जमलं तर हे उपसण्यापेक्षा कितीतरी लवकर आटपतं. डिझेल जड, ते फारसं उडत नाही; तिथं हवेचा उपयोग जिवाणूंना प्राणवायू देण्यापुरता. मुरमात आणि सच्छिद्र जांभ्यात हवा बरी पसरते. चिकट काळ्या मातीत ती एखादी भेग धरून निघून जाते, बाकीची माती तशीच. वाफ न ओढता नुसती हवा फुंकणारा कंत्राटदार आला तर त्याला परत पाठवा. ती वाफ शेजारच्या घरात शिरेल.

परसल्फेटसारखी, तेलाचं विघटन करणारी रसायनं वेगानं काम करतात, पण मातीत सेंद्रिय द्रव्य जास्त असेल तर त्यातली बरीच तेलाऐवजी त्या द्रव्यावरच खर्ची पडतात.

नुसती वाट बघणंही चालतं, पण जवळ पिण्याची विहीर नसेल, मूळ गळती काढलेली असेल आणि दर तिमाहीच्या तपासणीत बेंझीन उतरत असेल तरच. जांभ्यात लोखंड भरपूर, आणि प्राणवायू संपल्यावर काही जिवाणू तेच वापरून तेल पचवतात. अशा वेळी कळशीत नितळ भरलेलं पाणी थोड्या वेळानं तांबूस होतं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल सांडलं असेल तर मात्र थांबणं लांबतं, कारण जिवाणू आधी इथेनॉलवर तुटून पडतात.

माझं मत: खानापूरकडच्या जांभ्यात पेट्रोल असेल तर उकरून हवा सोडणं. निपाणी-चिकोडीकडे काळ्या मातीखाली भेगाळ बेसॉल्ट असेल तर उकरून उपसणं, कितीही रडगाणं असलं तरी. भेगेतलं पाणी नेमकं कुठे जातं हे आधी दोन-तीन निरीक्षण बोअर मारल्याशिवाय कुणी सांगू शकत नाही.

आणि जागेच्या ताब्याच्या कागदावर सही पाण्याचा रिपोर्ट हातात आल्यावरच करा. दूषित जागांसाठी केंद्राचे स्वतंत्र नियम २०२५ मध्ये आले आहेत आणि सफाईचा खर्च प्रदूषण करणाऱ्यानं सोसायचा असतो. सही झाल्यावर तो कोण हे सिद्ध करत बसायची पाळी तुमच्यावर येईल.