सॉयर स्क्वीझ वॉटर फिल्टर: एकट्याने लांबचा ट्रेक करणाऱ्यांसाठी परीक्षण

हिमाचल किंवा लडाखमध्ये दहा-बारा दिवस, सगळं सामान पाठीवर घेऊन एकट्याने चालायचं तर पिण्याला आणि स्वयंपाकाला मिळून दिवसाला तीन ते चार लिटर पाणी लागतं. ते सगळं वाटेतल्या झऱ्या-ओढ्यांतून घ्यायचं असतं. नागपुरातून अशा ट्रेकची तयारी करणारे बूट, तंबू आणि स्लीपिंग बॅगवर महिनाभर खल करतात, आणि पाण्याचं मात्र शेवटच्या आठवड्यात हाताला लागेल त्यावर भागवतात. बूट चावला तर चाल मंदावते. पण जुलाब लागले, सोबत कोणी नाही आणि जवळचं गाव दोन दिवसांवर आहे, अशा वेळी माणूस तंबूतच अडकून पडतो. म्हणून एकट्याच्या ट्रेकसाठी पाण्याच्या फिल्टरचा विचार सगळ्यांत आधी करावा, असं माझं ठाम मत आहे.

सॉयर स्क्वीझबद्दलचा निकाल आधीच सांगते. फिल्टर उत्तम आहे, सोबत मिळणारी पिशवी सुमार आहे, आणि एका रात्रीच्या गारठ्याने हे यंत्र कायमचं निकामी होऊ शकतं. हा शेवटचा मुद्दा नीट समजून घेणार असाल तरच विकत घ्या.

आत अतिशय बारीक पोकळ धाग्यांचा जुडगा असतो. हे तंत्र मूळचं किडनीच्या डायलिसिसमधलं. धाग्यांच्या भिंतींना असलेली छिद्रं ०.१ मायक्रॉनची (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). जुलाब लावणाऱ्या परजीवींपैकी जिआर्डियाचे कोश साधारण ८ ते १२ मायक्रॉनचे, क्रिप्टोस्पोरिडियमचे ४ ते ६ चे, आणि जुलाब लावणारे बहुतेक जिवाणू अर्धा मायक्रॉन किंवा त्याहून मोठे. त्यामुळे हे सगळं बाहेर अडकतं. पंप नाही, बॅटरी नाही. घाण पाण्याची पिशवी किंवा बाटली एका टोकाला फिरवून लावायची आणि दाबायची. वजन ८५ ग्रॅमच्या आसपास. नवा असताना लिटरभर पाणी मिनिटभरात गाळून होतं.

याच कंपनीचा मिनी नावाचा छोटा फिल्टर ५७ ग्रॅमचा आहे आणि स्वस्तही पडतो, म्हणून बरेच जण तोच मागवतात. लांबच्या ट्रेकला तो घेऊ नका. आतला जुडगा लहान असल्यामुळे धार मुळातच बारीक असते आणि चार दिवसांच्या गढूळ पाण्यानंतर ती आणखी मंदावते. संध्याकाळी दमलेल्या हातांनी तीन लिटर पाणी दाबून काढताना वाचवलेले २८ ग्रॅम फार महाग पडतात. कॅटाडिन कंपनीचा बीफ्री फिल्टर वेगाने गाळतो, पण त्याच्या तोंडाचे आटे ४२ मिलिमीटरचे असल्याने त्याची स्वतःची पिशवी फाटली की वाटेत मिळणारी साधी बाटली चालत नाही. स्क्वीझचे आटे २८ मिलिमीटरचे, म्हणजे थंड पेयाच्या प्लास्टिक बाटलीवर बसणारे. आडवाटेच्या शेवटच्या टपरीवरही असली बाटली मिळते, आणि माझ्या दृष्टीने या फिल्टरची सर्वांत मोठी जमेची बाजू हीच. मिनरल वॉटरच्या बाटल्यांची तोंडं मात्र वेगवेगळ्या मापांची असतात. निघण्यापूर्वी घरीच लावून, उलटी धरून, थेंब गळतो का ते बघा.

"एवढं करण्यापेक्षा पाणी उकळून प्यावं" हा सल्ला नेहमी मिळतो. उकळणं खात्रीचं आहेच. २००० मीटरच्या वर तीन मिनिटं खळखळ उकळी पुरेशी असते, आणि ४००० मीटरवर पाणी ८६-८७ अंशांनाच उकळत असलं तरी जंतू मरतात. अडचण गॅसची आहे. आडोशाला लिटरभर पाणी उकळायला साधारण १० ते १२ ग्रॅम गॅस जातो, वाऱ्यात त्याहून जास्त. दिवसाचं तीन लिटर पिण्याचं पाणी उकळलं तर २३० ग्रॅमचा कॅनिस्टर सहा-सात दिवसांत त्यातच संपेल, जेवण वेगळंच. आणि हा कॅनिस्टर नागपूरहून नेता येत नाही. ज्वालाग्राही वस्तू रेल्वेत चालत नाहीत, विमानातही नाही. तो मनाली किंवा लेहला पोचून विकत घ्यावा लागतो आणि मिळेल तेवढ्यावरच भागवावं लागतं. म्हणून पिण्याचं पाणी गाळावं. डाळ-भात, मॅगी, चहा यांचं पाणी उकळणारच आहे, ते न गाळता वापरलं तरी चालतं. तीन मिनिटं खळखळ उकळू द्या म्हणजे झालं.

दिवसाचा क्रम असा बसवावा. सकाळी निघताना दीड-दोन लिटर गाळून घ्यायचं. हिमनदीतून येणारे ओढे पहाटे कमी आणि स्वच्छ असतात. दुपारी ऊन चढलं, बर्फ वितळलं की तेच ओढे फुगतात आणि गढूळ होतात. त्यामुळे दिवसभराचं पाणी शक्यतो सकाळीच भरायचं. वाटेत मुख्य ओढ्यापेक्षा बाजूच्या कड्यातून येणारा छोटा झरा कधीही बरा. तो पायवाटेच्या आणि तळाच्या वरच्या बाजूचा असावा. हिमाचलमध्ये गद्दी मेंढपाळ उन्हाळ्यात मेंढ्या पार वरच्या कुरणांपर्यंत नेतात, म्हणून ४००० मीटरवरचं काचेसारखं पाणीही आपोआप शुद्ध ठरत नाही. उथळ झऱ्यात पिशवी भरत नाही, कारण तिचं तोंड बुडतच नाही. एखाद्या बाटलीचा तळ कापून केलेला पेला सोबत ठेवा. त्याने पाणी उपसून पिशवीत ओता.

मुक्कामाला पोचल्यावर अंधार पडायच्या आत दोन-तीन लिटर भरून ठेवायचं आणि लगेच गाळायचं नाही, आधी निवळू द्यायचं. फिल्टर मंदावण्याचं कारण बहुतेक वेळा जंतू नसून गाळ असतो. हिमनदी खडक घासत उतरते आणि त्याचं पिठासारखं बारीक चूर्ण पाण्यात मिसळतं, म्हणून ते पाणी राखाडी, दुधट दिसतं. हे चूर्ण सुती फडक्यातून आरपार जातं आणि धाग्यांच्या छिद्रांवर जाऊन बसतं. फडकं बांधून फक्त वाळू, शेवाळ आणि काड्या अडतील. दुधट पाण्यावर आपल्या घरातली तुरटीच उपयोगाची. लिटरभर पाण्यात खडा चार-पाच वेढे फिरवायचा आणि अर्धा तास हलवायचं नाही. बर्फाच्या पाण्यात तुरटीचं काम सावकाश होतं, तेव्हा तासभर दिला तर उत्तम. मग वरचं निवळलेलं पाणी हलक्या हाताने ओतून तेवढंच गाळायचं. तळाचा साका फिल्टरमध्ये गेला तर तुरटी फिरवून उलट नुकसानच होईल.

धार कमी झाली की जास्त जोराने दाबू नका. पिशवीच्या कडेचा सांधा उकलतो तो नेमका तिथेच, तोंडाजवळ. सोबतची पिशवी राखीव समजा आणि रोजच्या वापराला २८ मिलिमीटर आट्यांची जाड मऊ पिशवी किंवा थंड पेयाची एक लिटरची बाटली ठेवा. बाटली चेपत गेली की मध्येच आटे सैल करून हवा आत घ्यावी लागते, एवढाच त्रास. धार कमी झाल्यावर खरा उपाय म्हणजे उलट्या दिशेने धुणं. पाकिटात मोठी सिरिंज येते. ती गाळलेल्या पाण्याने भरायची, स्वच्छ टोकाला लावायची आणि एका दमात जोर देऊन दाबायची. असं पाच-सहा वेळा. हळू दाबलं तर पाणी आधीच मोकळ्या असलेल्या धाग्यांतून निघून जातं आणि तुंबलेले धागे तसेच राहतात, म्हणून इथे जोर हवाच. वजन वाचवायला सिरिंज घरी ठेवणारे आहेत. हिमनदीच्या वाटेवर ती न्यावी. हरवली तर मेडिकलमध्ये ५० मिलीची मिळते, पण तिचं टोक या तोंडावर नीट दाबून बसतं का ते पाहून घ्या.

फिल्टरच्या घाण बाजूच्या तोंडात एक रबरी वॉशर असतो. पिशवी काढताना तो नकळत गळून पडतो. मग आट्यांतून घाण पाणी झिरपतं, फिल्टरच्या अंगावरून ओघळत खालच्या स्वच्छ बाटलीत पडतं, आणि गाळण्याला काही अर्थ उरत नाही. हार्डवेअरच्या दुकानात फिल्टर घेऊन जा, नेमका बसेल असा वॉशर शोधा आणि दोन जास्तीचे प्रथमोपचाराच्या डबीत ठेवा.

आता थंडी. एकदा ओला झालेला फिल्टर ट्रेकच्या दिवसांत आतून पूर्ण कोरडा होत नाही. धाग्यांत अडकलेलं पाणी गोठताना साधारण ९ टक्क्यांनी फुगतं आणि धागे फुटतात. बाहेरून काहीच दिसत नाही. उलट धार आधीपेक्षा चांगली लागते, कारण पाणी आता फुटक्या धाग्यांतून न गाळताच जात असतं. फिल्टर गोठून खराब झाला आहे का हे ठरवण्याची खात्रीची चाचणी नाही. शंका असेल तर बदला, असं कंपनीच सांगते. आपण नागपूरकर थंडीचा अंदाज घरच्या हिवाळ्यावरून बांधतो आणि इथेच फसतो. ४००० मीटरच्या वर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच नाही, जूनमध्येही रात्री पारा शून्याखाली उतरू शकतो. तेव्हा गाळणं आटोपलं की फिल्टर जोरात झटकून पाणी काढायचं, झिपच्या जाड पिशवीत बंद करायचा आणि स्लीपिंग बॅगमध्ये पोटाशी घेऊन झोपायचं. पायाशी ठेवला तर लाथेने बाहेर जातो. दिवसाही खिंडीजवळ बोचरा वारा असेल तर तो सॅकच्या बाहेरच्या जाळीत लटकवू नका, जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा.

गटात असताना एखाद्याचा फिल्टर गेला तरी दुसऱ्याचा असतो. एकट्याकडे तो पर्याय नाही, म्हणून क्लोरीनच्या गोळ्यांची एक पट्टी न्यायचीच. त्यांची गरज दुसऱ्या कारणानेही आहे. हिपॅटायटिस ए किंवा नोरोव्हायरससारखे विषाणू २५ ते ४० नॅनोमीटरचे असतात. फिल्टरची ०.१ मायक्रॉनची छिद्रं म्हणजे १०० नॅनोमीटरची, त्यामुळे विषाणू सरळ पार होतात. निर्जन खोऱ्यात हा धोका कमी असतो. पण जिथे रोज तंबू पडतात आणि माणसं ओढ्याकाठीच शौचाला जातात, अशा गर्दीच्या तळांवर आधी गाळा, मग त्या गाळलेल्या पाण्यात पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात गोळी टाका. अर्धा तास थांबा, पाणी बर्फगार असेल तर आणखी थांबा. क्रम उलटा नको, गढूळ पाण्यात क्लोरीन गाळावरच खर्ची पडतं. नुसत्या क्लोरीनने क्रिप्टोस्पोरिडियम मरत नाही, तो फिल्टरने अडतो; विषाणू फिल्टरने अडत नाहीत, ते क्लोरीनने मरतात. सोबत ओआरएसची चार-पाच पाकिटं ठेवा, एका लिटरला एक.

फिल्टर आणल्यावर सराव म्हणून नागपुरातल्या फुटाळा किंवा अंबाझरी तलावाचं पाणी गाळून पिऊ नका. रसायनं, सांडपाण्यातले विषाणू, कीटकनाशकं, यातलं काहीही हा फिल्टर काढत नाही. विदर्भात काही भागांतल्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे, कापसाच्या शेतांतून वाहून येणाऱ्या पाण्यात फवारणीची औषधं असतात. तिथे हे साधन कुचकामी आहे. सराव करायचा तर घरच्या नळाच्या पाण्यावर करा.

नागपुरात या फिल्टरला त्रास होतो तो ठेवणीतला. वर्षभर कपाटात पडलेला फिल्टर उन्हाळ्यात आतून कडक वाळतो आणि ऐन ट्रेकच्या वेळी पाणी सोडत नाही. निघण्याच्या आठवडाभर आधी कोमट पाण्यात तासभर भिजवा, सिरिंजने उलटं धुवा आणि धार बघा. बोअरच्या जड पाण्याने धुऊन वाळवला असेल तर आत क्षार बसतात. मग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये अर्धा तास भिजवून पुन्हा धुवावं लागतं. त्यामुळे शेवटचं धुणं आरओच्या पाण्याने करणं सोयीचं. ६० अंशांवरचं पाणी यात चालत नाही, म्हणून उकळतं पाणी ओतून "निर्जंतुक" करण्याच्या फंदात पडू नका. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर फिल्टर विसरून जाणंही तितकंच वाईट.

आयात वस्तू असल्यामुळे किंमत विक्रेत्यागणिक बरीच बदलते. मागवताना पाकिटात फिल्टर, पिशवी आणि सिरिंज तिन्ही आहेत ना ते पाहा, आणि वापरलेला फिल्टर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका, कारण तो आधीच्या मालकाकडे गोठला होता का हे कळायला मार्ग नाही.