करवंटीच्या कामासाठी ड्रेमेल 3000: दीड वर्षाच्या वापरानंतर

कोकणातल्या घरात नारळ फुटला नाही असा दिवस क्वचितच उगवतो, आणि खोबरे खवून झाल्यावर उरलेली करवंटी चुलीत घालताना मला नेहमीच हळहळ वाटत आली आहे. आमच्या आजीच्या स्वयंपाकघरात करवंटीला लाकडी दांडी बसवून केलेला डाव होता. फुटक्या काचेच्या तुकड्याने तासन्‌तास खरवडून त्याची पाठ इतकी गुळगुळीत केलेली होती की हात फिरवला तर ती शिसवीची वाटावी. तसे काही आपल्या हातून व्हावे म्हणून मी वाट्या, डाव, बटणे आणि कानातली करू लागले. परंतु नुसत्या पॉलिश पेपरने एक वाटी पुरी करायला चार संध्याकाळी लागत, आणि बोटांची सालटी निघत ती वेगळीच. म्हणून दीड वर्षापूर्वी मी ड्रेमेल 3000 हे हातात धरून चालवायचे रोटरी टूल, म्हणजे पुढे बसवलेले टोक वेगाने फिरवणारे विजेचे अवजार, घेतले. या दीड वर्षात त्याने मला काय दिले आणि ते वापरताना कोणती काळजी घ्यावी लागते, हे सविस्तर लिहिण्याचे कारण असे की, विकत घेताना मी जे परीक्षण वाचले त्यात वेगाचे आकडे पुष्कळ होते. डोळ्यांविषयी मात्र एक ओळही नव्हती.

यंत्र 130 वॅटचे आहे. स्वयंपाकघरातला मिक्सर साधारण 500 ते 750 वॅटचा असतो, हे लक्षात घेतले तर त्याची ताकद किती थोडी आहे ते कळेल. त्याची खरी शक्ती वेगात आहे. मिनिटाला 10 हजारांपासून 33 हजारांपर्यंत फेरे, आणि अंगावरच्या चक्रीने हा वेग हवा तसा कमीजास्त करता येतो. हे एवढे जरी नीट समजले तरी यंत्र हाताळण्याची अर्धी रीत हाती येते, कारण ताकद कमी आणि वेग जास्त असलेल्या अवजारावर जोर द्यायचा नसतो. करवंटीवर ड्रम (पॉलिश पेपरची नळी चढवलेला छोटा रबरी रूळ) टेकवून मी दाबू लागले की मोटरचा वरच्या पट्टीतला आवाज लगेच खाली उतरतो, करवंटीला जळकट वास येऊ लागतो आणि कडेवर काळा पट्टा उमटतो. हात हलका केला की आवाज पुन्हा वर चढतो आणि भुसा मोकळा उडू लागतो. आता मी कामाचा अंदाज डोळ्यांपेक्षा कानांनीच अधिक घेते.

ही कंपनी अल्बर्ट ड्रेमेल यांनी 1932 मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, रसीन या गावी सुरू केली. 1993 पासून ती बॉश या जर्मन कंपनीकडे आहे. या जातीच्या कोणत्याही अवजाराला लोक सर्रास ‘ड्रेमेल’ म्हणतात, त्यामुळे दुकानात मागताना नाव आणि मॉडेल दोन्ही स्पष्ट सांगावे.

या अवजाराविषयी माझे सर्वांत ठाम मत असे आहे की, ते दिसायला लहान आहे हाच त्याचा मोठा धोका आहे. ते पेनासारखे धरता येते, वजन जेमतेम अर्धा किलो, त्यामुळे ग्राइंडरसमोर माणूस जसा सावध उभा राहतो तसा याच्यासमोर राहत नाही. माझेही तेच झाले. तिसऱ्या महिन्यात एका डावाच्या दांडीतून पितळी स्क्रूचे टोक मागे आले होते, ते मला कापायचे होते. एका स्वस्त, शंभरावर नगांच्या डबीतली पातळ कटिंग चकती मी लावली. व्हाइस, म्हणजे वस्तू पकडायचा लोखंडी शिकंजा, शेजारीच होता, पण एवढ्याशा कामासाठी तो कुठे उघडायचा, म्हणून डाव डाव्या हातातच धरला. चकती स्क्रूमध्ये निम्मी शिरली असेल नसेल, डावा हात किंचित कलला, खाचेत चकती अडकली आणि ‘टक्’ असा बारीक आवाज झाला. अर्धी चकती मँड्रेलवर, म्हणजे ती बसवायच्या दांडीवर, शिल्लक होती. एक तुकडा गॉगलच्या उजव्या काचेवर आपटला होता, तिथे नखाएवढा ओरखडा उठला. दुसरा दुसऱ्या दिवशी केर काढताना पडवीतल्या सुपारीच्या पोत्यामागे सापडला.

नंतर मी हिशेब करून पाहिला. 24 मिलिमीटर व्यासाची चकती मिनिटाला 30 हजार फेऱ्यांनी फिरते तेव्हा तिची कड ताशी सुमारे 135 किलोमीटर वेगाने धावत असते. त्या वेगाने आलेला तुकडा उघड्या डोळ्यात गेला असता तर काय झाले असते, हे सांगायला नकोच. चूक यंत्राची नव्हती. पातळ चकती ही फक्त सरळ कापण्यासाठी असते. तिच्यावर आडवा दाब पडला किंवा वस्तू हातातल्या हातात वळली की ती तुटतेच. त्या दिवसापासून मी धातू कापताना काचतंतूंची जाळी घातलेली चकती वापरते, कारण ती अशी तडकन फुटत नाही, आणि वस्तू व्हाइसमध्ये पक्की बसल्याखेरीज यंत्र सुरू करत नाही. करवंटी व्हाइसच्या लोखंडी जबड्यात तशीच धरली तर चिरते. जुन्या सायकल ट्यूबचे दोन तुकडे जबड्यांना लावले की ती न चिरता घट्ट बसते.

करवंटी कापण्यासाठी मात्र मी हे यंत्र वापरतच नाही. करवंटीची जाडी साधारण तीन ते पाच मिलिमीटर, ती गोलाकार, आणि तिच्यात चकती वळणावर हमखास अडकते. पेन्सिलने रेघ मारून हेक्सा ब्लेडने कापावे, दहा मिनिटांत काम होते. रोटरी टूलचे खरे काम त्यानंतर सुरू होते: कड गोल करणे, बाहेरचे काथ्याचे तंतू काढणे, आतला खोबऱ्याचा तपकिरी पापुद्रा घासून टाकणे, नक्षी कोरणे. यासाठी 13 मिलिमीटरच्या रबरी ड्रमवर चढवायची पॉलिश पेपरची नळी सर्वांत उपयोगी पडते. प्रथम खरखरीत 60 नंबरची आणि मग बारीक 120 नंबरची. नळी चढवल्यावर ड्रमचा स्क्रू पिळला की रबर फुगून नळी घट्ट बसते. ती सैल राहिली तर फिरताना निसटून अंगावर येते, म्हणून बोटाने ओढून पाहिल्याशिवाय मी सुरुवात करत नाही. वाटीच्या आतल्या बाजूला ड्रम 15 हजारांच्या आसपास फिरवला की पुरेसा होतो. त्याहून वेग वाढवला तर करवंटी जळते आणि नंतर तो काळेपणा काढण्यात दुप्पट वेळ जातो.

हात कोणत्या दिशेने सरकवायचा, हे मला कोणी सांगितले नव्हते. मागून पाहिले तर यंत्र घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरते. फिरणाऱ्या टोकाच्या ओढीविरुद्ध हात सरकवला तर ते हळूहळू, ताब्यात राहून घासते. ओढीच्या दिशेनेच सरकवला तर ड्रम चाकासारखा पळू लागतो आणि कडेवरून घसरून थेट दुसऱ्या हाताच्या अंगठ्याकडे येतो. यंत्र स्वतःहून पुढे धावते आहे असे वाटले की दिशा चुकली, असे खुशाल समजावे. कडेला आणि कोपऱ्याला ही ओढ सर्वांत जास्त जाणवते. तिथे मी दोन्ही हात वापरते: उजवा यंत्रावर आणि डाव्या हाताची मूठ टेबलावर टेकवून उजव्या मनगटाला आधार.

चकती, ड्रम, ब्रश अशी टोके बदलण्याची सोय उत्तम आहे. कॉलेट, म्हणजे टोकाचा दांडा पकडणारी चिमट्यासारखी नळी, सैल करण्यासाठी वेगळा पाना शोधावा लागत नाही, पुढचे टोपणच पान्याचे काम करते. मोटरचा फिरता दांडा अडवण्यासाठी जे बटण आहे ते मोटर पूर्ण थांबल्यावरच दाबायचे, आणि टोक बदलताना प्लग काढून ठेवायचा. कॉलेट रिकामे असताना ते घट्ट पिळू नये, त्याने ते बिघडते. सोबत 3.2 मिलिमीटरचे कॉलेट येते, आणि बाजारातल्या स्वस्त संचांतल्या टोकांचे दांडे कित्येकदा 3 किंवा 2.35 मिलिमीटरचे असतात. तसा दांडा या कॉलेटमध्ये वरवर बसल्यासारखा वाटतो, पण त्याची पकड भरवशाची नसते. त्या मापाचे कॉलेट वेगळे घ्यावे, नाहीतर ते टोक वापरू नये. दांडा शक्य तितका आत घालावा. तो बाहेर जितका लांब राहील तितका वेगात थरथरतो आणि शेवटी वाकतो. नवे टोक लावल्यावर यंत्र अंगापासून लांब धरून, काहीही न कापता, एक मिनिट पूर्ण वेगाने फिरवून पाहावे. सदोष चकती बहुधा या मिनिटातच फुटते. याला तारांच्या ब्रशाचा अपवाद आहे: तो 15 हजारांच्या वर कधीही नेऊ नये, कारण त्याच्या तारा सुटून सुईसारख्या उडतात आणि कपड्यात रुततात.

आता धुळीविषयी. करवंटीची भुकटी कोकोच्या पुडीसारखी दिसते, वासही खमंग येतो, आणि म्हणूनच तिची भीती वाटत नाही. पहिल्या आठवड्यात मी नाकाला रुमाल बांधून बसत असे. रात्री नाक शिंकरले तर तपकिरी येई आणि घशात सकाळपर्यंत खवखव राही. एन-95 मास्क, नाकाजवळची पट्टी नीट दाबून, वापरू लागल्यापासून तो त्रास पूर्ण थांबला. मी पडवीत बसते, खाली ओले फडके अंथरते, आणि पंखा लावलाच तर तो पाठीमागे, म्हणजे धूळ तोंडावर न येता अंगणात जाते. शिंपल्यांवर हौसेने काम करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, त्यांनी मास्कविना एक क्षणही घासू नये. ती धूळ याहून कितीतरी बारीक आणि त्रासदायक असते. शिंपला भिजवून घासणे हा त्यावरचा रूढ उपाय खरा, पण विजेच्या तारेवर चालणारे यंत्र हातात धरून पाण्यात काम करणे धोक्याचे आहे. त्यासाठी मी ओला पॉलिश पेपर आणि हातच वापरते. पावसाळ्यात पडवीची फरशी ओली असते, तेव्हा मी यंत्र आत नेते, आणि ते ज्या सॉकेटवर लावते त्या लाइनवर 30 मिलिअँपिअरचे आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच प्रवाह तोडणारे उपकरण, बसवून घेतले आहे.

चष्मा असला म्हणजे गॉगल नको, हा समज चुकीचा आहे. चष्म्याच्या बाजू उघड्या असतात आणि तुकडा समोरूनच येईल असे नाही. चष्म्यावरून घालता येणारा, चारही बाजूंनी बंद गॉगल हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. ओढणी काढून ठेवते, केस बांधून आत खोचते, गळ्यातले ब्लाउजच्या आत घालते. विणलेले हातमोजे मी घालत नाही, कारण त्यांचा एक धागा जरी टोकाला अडकला तरी तो बोटासह गुंडाळला जातो. कानात बोळे घालावेत; हा आवाज मोठ्यापेक्षा तीव्र आहे आणि तासाभराने डोके भणभणते.

वाटीचे शेवटचे काम मऊ नमद्याच्या चाकाने होते. वेग अगदी कमी ठेवून, जरासे मधमाशांचे मेण लावून ते फिरवले की करवंटीतल्या उभ्या रेषा एकदम उजळून वर येतात, आणि मघाशी मातकट दिसणारी वस्तू काळसर-तांबूस होते. खाण्यासाठी वापरायच्या वाटीला मी मेणाऐवजी खोबरेल तेलच चोळते. चार संध्याकाळींचे काम आता दीड तासात होते, आणि कड हाताने कधी जमली नव्हती इतकी एकसारखी येते.

ॲक्रिलिक किंवा इतर प्लॅस्टिकवर ज्यांना मुख्यतः काम करायचे आहे त्यांनी याच कंपनीचे 4000 हे मॉडेल पाहावे. ते 175 वॅटचे आहे आणि त्याचा वेग 5 हजारांपर्यंत खाली येतो. 3000 चा कमीत कमी वेग 10 हजार, आणि तेवढ्या वेगाने प्लॅस्टिक कापले जाण्याआधी वितळून टोकाला चिकटू लागते. लाकूड, करवंटी, हाड, पातळ पितळ यांसाठी 3000 पुरेसे आहे. देखभाल थोडीच: हवेच्या फटींत भुसा साठतो तो ब्रशने काढत राहावे, पकडताना त्या फटी तळहाताने झाकू नयेत, आणि सुमारे 50 तासांच्या कामानंतर बाजूची टोपणे उघडून कार्बन (मोटरला वीज पोचवणारे झिजते तुकडे) पाहावेत. तीन मिलिमीटरहून कमी उरले असतील तर दोन्ही एकदम बदलावेत. मी ते घरीच बदलले, एका साध्या पेचकसाने.

माझ्या शेजारचा आठवीतला मुलगा हे यंत्र दोन दिवसांसाठी मागायला आला होता. ते मी त्याला दिले नाही. रविवारी तो माझ्या टेबलापाशी येतो, दुसरा गॉगल त्याच्यासाठी आणून ठेवला आहे, व्हाइस तो आवळतो आणि प्लग काढण्या-लावण्याचे काम त्याच्याकडे आहे. पहिल्या चार रविवारी त्याने फक्त हाताने पॉलिश पेपर मारला. परवा प्रथमच ड्रम कडेवर टेकवला, तेव्हा मोटरचा आवाज खाली उतरताच मी काही बोलण्याआधी त्याने आपण होऊन हात हलका केला.