मंडप चोख, ध्वनिव्यवस्था मात्र मिरवणुकीची

महाविद्यालयाच्या मैदानावर आम्हा विद्यार्थ्यांनी आयोजित केलेल्या माजी सैनिकांच्या सत्काराची मंडप, खुर्च्या, ध्वनिव्यवस्था आणि अल्पोपाहार अशी सगळी जबाबदारी आम्ही पेठेतल्या एका जुन्या मंडपवाल्यांकडे सोपवली होती. कार्यक्रम 14 जानेवारीचा, म्हणजे माजी सैनिक दिनाचा होता. लष्कराचे पहिले भारतीय सरसेनापती करिअप्पा 1953 साली याच दिवशी निवृत्त झाले. लष्कराच्या दक्षिण विभागाचे मुख्यालय ज्या शहरात आहे आणि 2025 सालचे सेनादिनाचे संचलन ज्या शहरातल्या खडकीत झाले, तिथल्या व्यावसायिकाला असा कार्यक्रम नवा नसेल, असा आमचा समज होता. तो अर्धाच खरा ठरला.

पहिल्या बैठकीत त्यांनी दाखवलेला नमुना सरळसरळ लग्नाचा होता: 3 फूट उंचीचे व्यासपीठ, त्यावर मखमली सोफा आणि मागे फुलांची कमान. आमचे बहुतेक पाहुणे 1965 किंवा 1971 च्या युद्धात लढलेले, म्हणजे सत्तरी केव्हाच ओलांडलेले होते, आणि चौघे जण खडकीच्या पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्रातून चाकांच्या खुर्चीवर येणार होते. अशा खुर्चीसाठी दर फूटभर उंचीला 12 फूट लांबीचा उतार लागतो. 3 फुटांच्या व्यासपीठासाठी 36 फुटांचा उतार बांधला असता, तर मंडपातली बरीच जागा त्यातच गेली असती. आम्ही हे सांगताच मालकांनी क्षणभर विचार केला आणि ‘‘मग स्टेज हवंच कशाला? पाहुणे बसू देत, तुम्ही त्यांच्याकडे जा,’’ असे सुचवले. कार्यक्रमाला शोभा आली ती या एका सूचनेमुळे. पहिल्या रांगेत चाकांच्या खुर्च्यांसाठी मोकळी जागा, इतरांना उठताना आधार मिळावा म्हणून हात असलेल्या खुर्च्या आणि पाय अडखळू नये म्हणून कडेने चिकटपट्टी लावलेले जाजम, हे सगळे त्यांच्या कामगारांनी न सांगता केले. व्यासपीठाचे पैसेही बिलातून वजा झाले, हे पुण्यात मुद्दाम नोंदवण्यासारखे आहे.

ध्वनिव्यवस्थेबद्दल मात्र तक्रार आहे, आणि ती किरकोळ नाही. त्यांनी लावलेले स्पीकर गणपतीच्या मिरवणुकीत छाती हादरवणाऱ्या जातीचे होते. तोफखान्यात वर्षे काढलेल्या माणसाचे कान बहुधा वरच्या पट्टीचे आवाज गमावून बसतात. त्याला स, त, क यांसारखी व्यंजने नीट ऐकू येत नाहीत. अशा वेळी आवाज आणि घुमारा वाढवला, तर शब्द अधिकच गढूळ होतात. मागच्या रांगेतून ‘‘ऐकू येत नाही’’ अशी हाक आली की ध्वनिचालक प्रत्येक वेळी आवाज वाढवत होता, त्यामुळे पुढच्या रांगेतले दोघे जण कानातली यंत्रे काढून बसले. मंडपाच्या दोन्ही बाजूंना लहान स्पीकर थोड्या थोड्या अंतरावर लावले असते, तर हे टळले असते.

त्याहून वाईट प्रसंग श्रद्धांजलीच्या वेळी घडला. बिगुलाची ‘लास्ट पोस्ट’ची धून ध्वनिचालकाने स्वतःच्या मोबाईलवरून लावली आणि ती अर्ध्यावर असताना त्याला फोन आला, पुढचे काही क्षण मैदानभर त्याच्या फोनची रिंगटोन वाजत राहिली. आम्ही शरमेने खाली पाहत होतो, पण सावधान उभ्या असलेल्या पाहुण्यांपैकी एकाचीही मान हलली नाही. आमची चूक एवढीच की धून पेनड्राइव्हमध्ये द्यायला हवी होती. आदल्या संध्याकाळी तालीम घ्या, ही आमची मागणी मात्र ‘‘रोजचंच काम आहे’’ म्हणून उडवून लावण्यात आली होती.

उपमा गरम होता आणि तिळाची वडी दातांचा विचार करून मऊ केलेली होती. चहा फार गोड होता.

बिल ठरल्याप्रमाणे आले. फक्त 18 टक्के जीएसटी दरात धरलेला नाही, हे आम्हाला शेवटी कळले, तेव्हा विद्यार्थ्यांनी वर्गणी ठरवण्यापूर्वीच विचारून घ्यावे. पुढच्या वर्षी मंडप आणि खुर्च्या आम्ही यांच्याकडूनच घेणार आहोत. ध्वनिव्यवस्था व्याख्यानमालांची कामे करणाऱ्या दुसऱ्या कुणाकडे देऊ, आणि बिगुल वाजवायला खरा वादक मिळतो का, याची चौकशी आतापासूनच सुरू केली आहे.