पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र) पोस्टिंग घेऊ का विचारणाऱ्यांसाठी (५ पैकी ४ स्टार)

एमबीबीएसच्या इंटर्नशिपमध्ये कम्युनिटी मेडिसिनचे १२ आठवडे असतात, पीएचसी पोस्टिंग त्यातलंच, आणि आमच्याकडे बरेच जण ते पीजीच्या अभ्यासाला मिळालेली सुट्टीच समजतात. मी पण एमसीक्यूची पुस्तकं भरूनच गेलेले. पण खरं सांगते, अख्ख्या वर्षात आपण डॉक्टर झालोय असं मला वाटलं ते तिथेच.

पालघरचा डोंगराळ भाग. आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येमागे एक पीएचसी धरतात पण पाडे इतके लांब लांब की माणूस चालूनच थकतो. सकाळची ओपीडी खच्चून भरलेली, ताप, खरूज, ड्रेसिंग, कुत्रं चावलेले, हात मस्त बसतो. कुत्र्याच्या इंजेक्शनचे दिवस ०, ३, ७, २८ तोंडपाठ होते, पण शेवटच्याला लोक का येत नाहीत ते तिथे कळलं, एक दिवसाची मजुरी बुडते.

पण नुसतं ओपीडीत बसलात तर निम्मं हुकलं, आशाताईंसोबत पाड्यावर जाच. एक सातव्या महिन्यातली ताई, हिमोग्लोबिन ८ म्हणजे कमीच, मी लोहाच्या गोळ्या लिहून मोकळी झालेले. घरी गेलो तर पाकिटं पत्र्याच्या डब्यात जशीच्या तशी! शी काळी होते म्हणून घाबरलेली, मळमळायचं पण, आणि मी ओपीडीत यातलं काहीच विचारलं नव्हतं. आशाताई तिच्याजवळ चुलीपाशी बसल्या, म्हणाल्या अगं ती गोळीनेच काळी होते, रात्री जेवून घे, चहासोबत नको, कॅल्शियमची वेगळ्या वेळी घे. पुढच्या तपासणीला ती रिकामी पाकिटं दाखवायला घेऊन आली. मला इतका आनंद झाला ना.

लसीकरणाला सिस्टर प्रत्येक बाटली उजेडात धरून बघायला लावायच्या. व्हीव्हीएमचा (लसीला उष्णता लागली का ते दाखवणारी बाटलीवरची खूण) आतला चौकोन बाहेरच्या गोलाइतका गडद झाला की बाटली बाद, हे पुस्तकात वाचलेलं, डोळ्याला सवय त्यांनी लावली.

एक स्टार कापला कारण क्वार्टरला पाणी दिवसाआड, आणि कॉलेजमधून कुणी एकदाही बघायला आलं नाही, लॉगबुकवर नुसत्या सह्या. शिकवायचं सगळं काम सिस्टर आणि आशाताईंवर, हे बरोबर नाही.

पावसाळ्यात जाणार असाल तर चांगले बूट आणि टॉर्च न्या. आणि पहिल्याच दिवशी आशाताईंना विचारून ठेवा उद्या किती वाजता निघायचं, लावणीच्या दिवसात बायका उजाडताच शेतावर जातात, उशीर केला तर घरी कोणी भेटत नाही.