टेकडी, जिम की मेट्रोपर्यंतची पायपीट? दिवसभर बसून काम करणाऱ्या पुणेकरासाठी

दिवाळी उलटली, सकाळची हवा गार झाली, की पुण्यात घराघरांत हा विषय निघतोच: टेकडी सुरू करायची की जिम लावायची? विचारणारे बहुतेक जण साडेनऊला खुर्चीत बसतात ते संध्याकाळी सातला उठतात. जाणं-येणं दुचाकीवर नाहीतर कॅबमध्ये, म्हणजे तेही बसूनच. अशांना मी आधी हेच सांगेन की टेकडी आणि जिम यांच्यात निवड नंतर करा. आधी ऑफिसला जाता-येता आणि ऑफिसात काय बदलता येतं ते बघा. सकाळी उठायचा उत्साह दोन महिन्यांत ओसरू शकतो, ऑफिसला मात्र जावंच लागतं. जी हालचाल त्या जाण्याला बांधलेली असते ती टिकते.

तुलना करायची तर माप हवं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 मध्ये दिलेलं माप असं आहे: प्रौढांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी, शिवाय किमान दोन दिवस स्नायूंची ताकद वाढवणारा व्यायाम. मध्यम श्रम म्हणजे किती? चालता चालता सोबतच्याशी बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतके. पूर्वी सलग दहा मिनिटं चाललात तरच ते धरलं जायचं. ती अट आता काढली आहे, त्यामुळे पाच मिनिटांचा जिनाही हिशोबात येतो.

बैठ्या कामाच्या माणसानं आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. 2016 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दहा लाखांहून जास्त लोकांच्या माहितीचा एकत्रित अभ्यास आला. दिवसाला आठ तासांहून जास्त बसणाऱ्यांचा वाढलेला धोका पुसून निघायला रोज 60 ते 75 मिनिटांची मध्यम हालचाल लागते, असं त्यात दिसलं. म्हणजे सकाळचा अर्धा तास कितीही मनापासून केला, तरी पुढचे नऊ तास कसे जातात याला महत्त्व उरतंच. म्हणून प्रत्येक पर्यायाला मी तीन प्रश्न लावते. तो घराच्या दारापासून किती लांब आहे? त्यात स्नायूंना जोर लागतो का? आणि दिवसभराचं बसणं त्यानं मोडतं का?

जाण्या-येण्यातलं चालणं

कोथरूडमध्ये राहून कल्याणीनगर, येरवडा किंवा स्टेशनच्या बाजूला नोकरी करणाऱ्यांना वनाज ते रामवाडी ही मेट्रो सोयीची आहे. घर ते स्टेशन आठ मिनिटं, उतरल्यावर ऑफिसपर्यंत सात, तेवढंच येताना. रोजची तीस मिनिटं झाली, पाच दिवसांची 150. चाल झपझप असेल तर आठवड्याचं किमान माप इथेच भरतं, गजर लवकरचा न लावता. पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट मार्गावरच्यांनाही हाच हिशोब लागू पडतो. सिव्हिल कोर्टला गाडी बदलणाऱ्यांना तर आयता जिना मिळतो. तिथलं भुयारी स्थानक जमिनीखाली तीस मीटरहून खोल आहे आणि दुसरी मार्गिका वर पुलावरून जाते. सगळं अंतर एका दमात चढायचा हट्ट नको. सरकत्या जिन्याचा एक टप्पा सोडून पायऱ्या धरल्या तरी वर पोचेपर्यंत श्वास वाढलेला असतो.

आमच्या सोसायटीतल्या बँकेत काम करणाऱ्या एक ताई स्कूटर सोडून मेट्रोनं जायला लागल्या. त्यांनी केलेला बदल एवढाच. चपला पिशवीत, पायात बूट, आणि दारासमोर रिक्षा थांबली तरी मान हलवून पुढे. त्यांचं चालणं अजून सुरू आहे. त्याच सुमाराला जिम लावलेले आमच्या इमारतीतले बरेच जण घरी बसले.

दहा हजार पावलांच्या आकड्याला घाबरू नका. तो 1965 च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजणारं यंत्र विकायला निघालं त्यातून रूढ झाला, डॉक्टरांच्या तपासणीतून नाही. 2019 मध्ये अमेरिकेतल्या वयस्क स्त्रियांवरचा एक मोठा अभ्यास आला. रोज साधारण 4,400 पावलं चालणाऱ्यांचा मृत्यूचा धोका 2,700 चालणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे कमी होता, आणि 7,500 च्या पुढे फायदा फारसा वाढत नव्हता.

हिंजवडीचं गणित वेगळं. कंपनीची बस गेटाशी सोडते आणि गेटाबाहेरच्या रस्त्यावर चालण्यात सुख नाही. तिथे जेवणानंतर आवारातच दहा-पंधरा मिनिटांची फेरी मारा आणि बसण्यात खंड पाडा. 2012 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी वजन जास्त असलेल्या लोकांना दर वीस मिनिटांनी दोन मिनिटं चालायला लावून पाहिलं, तर खाण्यानंतरची रक्तातली साखर आणि इन्शुलिन दोन्ही कमी वाढले. ऑफिसात दर वीस मिनिटांनी उठणं कुणालाच जमणार नाही. फोनवर बोलताना उभं राहणं, पाण्याची बाटली मुद्दाम लहान ठेवणं, दोन मजल्यांसाठी लिफ्ट न घेणं, एवढं जमतं.

सायकलबद्दल थोडक्यात. पाच-सहा किलोमीटरचं सपाट अंतर असेल आणि ऑफिसात अंघोळीची सोय असेल तर तिच्यासारखी दुसरी गोष्ट नाही, कारण त्याच वेळात चालण्यापेक्षा श्रम जास्त होतात. पण चांदणी चौकाचा चढ, मध्येच तुटणारे आणि दुचाकींनी भरलेले सायकल ट्रॅक, पावसाळ्यातले खड्डे, हे सगळं आहे. नवख्या माणसानं सायकलवर सगळी भिस्त ठेवू नये.

टेकडी

पुण्याला मिळालेलं हे भाग्य आहे आणि ते जपायला हवं. वेताळ टेकडीला कोथरूड, लॉ कॉलेज रस्ता, गोखलेनगर, पाषाण अशा चहूबाजूंनी वाटा आहेत. फर्ग्युसनच्या मागे हनुमान टेकडी, सहकारनगरकडून तळजाई, आणि पायऱ्याच हव्या असतील तर पर्वतीच्या 103. सपाट बागेतल्या चालण्यात आणि टेकडीत मोठा फरक आहे. चढावर मांडीच्या आणि पार्श्वभागाच्या स्नायूंना खरा जोर लागतो, हृदयाची गती लवकर वाढते, आणि ओबडधोबड वाटेवर घोट्याला आणि तोलाला काम मिळतं. त्याच तीस मिनिटांत जास्त पदरात पडतं.

शिवाय सोबत. पहाटे पाण्याचे कॅन घेऊन रोपांना पाणी घालायला चढणारे आजोबा, मोराचा आवाज, रोज दिसणारे चेहरे. दोन दिवस नाही गेलात तर कुणीतरी विचारतं. जिमच्या दोन हजारांच्या हप्त्यापेक्षा ह्या विचारण्यानं माणूस जास्त दिवस टिकतो, असं मला मनापासून वाटतं.

मर्यादा दोन. उतरताना गुडघ्यावर भार चढण्यापेक्षा जास्त येतो आणि सुट्या मुरुमावरून पाय सटकतो. पावलं लहान टाका, गुडघा किंचित वाकलेला ठेवा, गुळगुळीत झालेले जुने बूट घालून जाऊ नका. पावसाळ्यात शेवाळलेला दगड आणि चिखल, म्हणजे जून ते सप्टेंबरची पर्यायी सोय आधीच ठरवलेली बरी. अंधारात एकट्यानं जाणं टाळा. दुसरी मर्यादा अंतराची. टेकडी घरापासून पंधरा मिनिटांच्या आत असेल तर तिला जिमच्या वर ठेवा. खराडी किंवा हडपसरहून गाडी काढून वेताळ टेकडी गाठायची असेल, तर ती रविवारीच ठेवा.

जिम, की घरातली जागा

इथे टेकडी मागे पडते. चालण्या-चढण्यातून पाठ, खांदे, दंड यांना काही मिळत नाही, आणि तिशीनंतर दर दशकात स्नायूंचा काही भाग झिजत जातो. जेवणानंतरची साखर रक्तातून उचलण्याचं सगळ्यात मोठं काम स्नायूच करतात.

आपल्यासाठी हे जास्त महत्त्वाचं का, हे पुण्यातल्याच एका डॉक्टरांनी दाखवलं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा फोटो 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचं माप, अगदी सारखा, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. ‘मी तर बारीकच आहे, मला कशाला व्यायाम’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला हा फोटो दाखवावा. काट्यावर वजन ठीक दिसतं तेव्हाही आतला स्नायू कमी आणि चरबी जास्त असू शकते.

म्हणून आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम हवाच. जिमची बाजू अशी, की वजन हळूहळू वाढवता येतं आणि चांगला प्रशिक्षक असेल तर पाठ वाकवून वजन उचलण्याची चूक वेळीच थांबते. पावसाचा अडथळा नाही. पण वर्षाचं पॅकेज पहिल्याच दिवशी भरू नका, एक महिना जाऊन बघा. आणि घर-ऑफिसच्या वाटेवरचीच जिम निवडा. वाट वाकडी करून जायची जिम पंधरवड्यात सुटते.

घरी करायचं तर खर्च शून्य. खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठणं-बसणं, दहाचे तीन फेरे. ते सोपं वाटायला लागलं की पूर्ण बैठका. ओट्याच्या कडेला हात टेकून तिरके जोर, मग पुढच्या महिन्यात पलंगाच्या कडेला, मग जमिनीवर. दोन पिशव्यांत पाण्याच्या बाटल्या भरून कमरेतून वाकून त्या पोटाकडे ओढणं, म्हणजे पाठीलाही काम. सूर्यनमस्कार कण्याला आणि खांद्यांना फार चांगले, सकाळी दहा मिनिटांत होतात. मात्र त्यात ओढण्याचा व्यायाम नाही आणि स्वतःच्या वजनापलीकडे भार वाढत नाही, म्हणून फक्त तेवढ्यावर थांबू नका. पेठांमध्ये राहणाऱ्या तरुणांनी जवळच्या तालमीत चौकशी करावी. जोर-बैठका शिकवणारं माणूस तिथे भेटतं.

रविवारचा सिंहगड

आठवडाभराचा व्यायाम एक-दोन दिवसांत उरकला तरी हृदयाला जवळपास तेवढाच फायदा होतो, असं ब्रिटनमधल्या मोठ्या नोंदींवरून 2023 मध्ये दिसलं. त्यामुळे आतकरवाडीतून गड चढणाऱ्यांना नावं ठेवण्याचं कारण नाही. पण पाच दिवस खुर्चीत आणि सहाव्या दिवशी थेट सिंहगड, यात उतरताना मांड्या ज्या ताणल्या जातात त्या सोमवार-मंगळवारी जिना उतरू देत नाहीत. आधी महिनाभर टेकडी किंवा सोसायटीचा जिना करा, मग गड. वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खाताना हात आखडू नका. फक्त उतरायच्या आधी पाय जरा मोकळे करा.

गुडघे आधीच दुखत असतील तर टेकडी आणि सिंहगड दोन्ही बाजूला ठेवा. डेक्कनच्या टिळक तलावासारख्या ठिकाणी पोहणं आणि खुर्चीचे व्यायाम, इथून सुरुवात करा. चाळिशी ओलांडली असेल आणि मधुमेह, रक्तदाब किंवा घरात हृदयविकार असेल, तर चढाचा कुठलाही पर्याय धरण्याआधी डॉक्टरांना भेटा. चढताना छातीत दडपण आलं, जबड्याकडे किंवा डाव्या हातात कळ गेली, तर तिथेच थांबा, सोबतच्यांना सांगा आणि थेट रुग्णालय गाठा, बरं वाटायला लागलं तरीसुद्धा.